मागे राहिलेल्या गावाची चाल

दृश्य: काळा पडदा. इंजिनाची घरघर. मग एकदम गिटार.

वर्ष 2006. पिक्सारचा ॲनिमेशनपट ‘कार्स’. शर्यतीच्या मैदानावर गाड्या सुटल्यात आणि शेरिल क्रोचा आवाज त्यांच्याही पुढे धावतोय. ड्रम दणदणतायत, इलेक्ट्रिक गिटार करकरतेय. थिएटरातली पोरं खुर्चीच्या टोकावर आलीयेत.

माझ्या शेजारी माझा सहा वर्षांचा मुलगा होता. पाय आपटून ठेका धरत होता. आणि पुढे तासाभराने, त्याच अंधारात, मी डोळे पुसत होते. काँप्युटरवर चितारलेल्या गाड्यांचं एक गाव ओस पडताना बघून. त्याने विचारलं, “आई, काय झालं?” तेव्हा मला काही सांगता आलं नाही. आज सांगून बघते.

दृश्य: पेडल स्टील गिटार, अगदी जवळून. फक्त हात.

हे वाद्य नीट बघा. टेबलासारखी आडवी मांडलेली गिटार. बहुतेकदा दहा तारा. वादकाच्या डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. पायाखाली पेडल, गुडघ्यांना लागून दांड्या. पेडल दाबलं की वाजती तार ताणली जाते आणि स्वर सरकत वर चढतो. उडी मारत नाही, सरकतो. आपला कान लगेच ओळखतो: ही मींड आहे. घरची आठवण, आईची आठवण, निघून गेलेली रेल्वे, हे सगळं अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतलं कंट्री संगीत या मींडेतून सांगत आलं.

आता या वाद्यामागे रॉकचा ड्रम लावा. झालं कंट्री-रॉक. ऐकायला सोपं वाटतं, पण ही जोडी जमली तो काळ फार कडवट होता. 1968चं अमेरिका. व्हिएतनामचं युद्ध चालू आहे. एकाच घरात बाप कंट्री ऐकतो, केस वाढवलेला मुलगा रॉक ऐकतो आणि दोघांचं पटत नाही. त्या वर्षी ‘द बर्ड्स’ हा लॉस एंजेलिसचा रॉक बँड नॅशव्हिलला जाऊन ग्रँड ओल ऑप्रीच्या मंचावर कंट्री गायला. ऑप्री म्हणजे कंट्रीचं देऊळच. श्रोत्यांनी त्यांचं स्वागत थंडपणेच केलं. बापांना वाटलं, ही पोरं आपली टिंगल करायला आलीत. पोरं मात्र मनापासून गात होती. त्यांना बापाचं गाणं आवडलं होतं.

माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. बापाचं गाणं आणि पोराचं गाणं एका खोलीत बसवायची ही धडपड होती. कौटुंबिक चित्रपटाला दुसरं काय हवं असतं?

दृश्य: जुना नकाशा. शिकागोपासून सांता मोनिकापर्यंत एक रेघ.

आता रस्त्याकडे येऊ. रूट 66. 1926 साली आखलेला, सुमारे 3,900 किलोमीटर लांब. ‘कार्स’चं गाव, रेडिएटर स्प्रिंग्ज, काल्पनिक आहे, पण ते याच रस्त्यावर वसवलंय. 1930च्या दशकात ओक्लाहोमात आणि आसपास दुष्काळ पडला. धुळीची वादळं उठली, शेतं गेली. हजारो कुटुंबं मोडक्या गाड्यांवर गाद्या-भांडी बांधून याच रस्त्याने कॅलिफोर्नियाला निघाली. जॉन स्टाइनबेकने 1939च्या आपल्या कादंबरीत या वाटेला ‘मदर रोड’ म्हटलं. आई-रस्ता.

त्या गाड्यांवर सामानाबरोबर गाणीही होती. ही माणसं कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डच्या आसपास शेतांवर आणि तेलाच्या विहिरींवर कामाला लागली. अशाच एका कुटुंबात 1937 साली मर्ल हॅगर्ड जन्मला. त्याच्या वडिलांनी रेल्वेचा जुना मालडबा घेऊन त्याचंच राहतं घर केलं होतं. पुढे हॅगर्ड आणि बक ओवेन्स यांनी बेकर्सफील्डच्या बारमध्ये कंट्रीला धारदार इलेक्ट्रिक गिटार जोडली. लॉस एंजेलिसची ती केस वाढवलेली पोरं हेच ऐकत होती.

म्हणजे कंट्रीला कॅलिफोर्नियात आणणाऱ्या वाटांमध्ये हा रस्ता होता आणि तिथे पोचल्यावर तिला रॉक भेटलं. ‘कार्स’च्या गाण्यांचं मला इतकं कौतुक का वाटतं, ते यावरून कळेल. ती गाणी या रस्त्याच्या घरचीच आहेत.

दृश्य: ट्रकचं चाक. सहा पदरी महामार्ग.

दोन गाणी सांगते. पहिलं, नायक मॅक्वीन ट्रकमध्ये बसून कॅलिफोर्नियाला निघतो तेव्हाचं ‘लाइफ इज अ हायवे’. हे मूळ कॅनडाच्या टॉम कॉक्रनचं, 1991चं. आफ्रिकेत एका मदतसंस्थेबरोबर फिरताना त्याने दुष्काळ पाहिला, मन खचलं आणि स्वतःला उभं करायला त्याने हे गाणं लिहिलं. चित्रपटात ते रास्कल फ्लॅट्स या नॅशव्हिलच्या तिघांनी गायलंय. लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्डच्या मुख्य यादीत ते सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. मुलांना याचा इतिहास ठाऊक नसतो आणि त्याची गरजही नाही. गाडीची काच खाली करावी, वारा तोंडावर यावा, असं ते गाणं आहे. आमच्या गाडीत ते वर्षभर वाजत होतं.

दृश्य: तोच महामार्ग, उंचावरून. बाजूला वळणं घेत जाणारी जुनी वाट. पियानो.

आणि मग ‘अवर टाउन’. रँडी न्यूमनने लिहिलेलं, जेम्स टेलरने गायलेलं. हे काही पक्कं कंट्री-रॉक नव्हे, त्याचं शांत भावंड म्हणा. मॅक्वीन आणि गावात राहणारी सॅली उंचावर उभे आहेत. ती त्याला सांगते की जुना रस्ता जमिनीच्या कलाने जायचा, चढायचा, उतरायचा, वळायचा. मग दहा मिनिटं वाचवायला सरळसोट महामार्ग आला. पडद्यावर जुने दिवस दिसतात: गर्दीची दुकानं, गजबजलेली संध्याकाळ. मग गाड्या यायच्या थांबतात. टेलर आवाज चढवत नाही. शेजारी बसून सांगावं तसा गातो.

हे कल्पनेतलं दुःख नाही. ॲरिझोनातल्या सेलिगमन गावात एंजल डेलगाडिओ नावाचे न्हावी होते. 22 सप्टेंबर 1978 रोजी शेजारून इंटरस्टेट 40 हा नवा महामार्ग सुरू झाला आणि दुकानासमोरची वर्दळ एका दिवसात थांबली. 1985 साली रूट 66 अधिकृत महामार्गांच्या यादीतूनच गेला. डेलगाडिओ गप्प बसले नाहीत. 1987 मध्ये त्यांनी इतरांना जमवून जुना रस्ता जपण्यासाठी संघटना उभारली. ‘कार्स’ची मंडळी अभ्यासाला फिरली ती याच पट्ट्यात. त्यांना वाट दाखवणारे इतिहासकार मायकेल वॉलिस चित्रपटात शेरिफचा आवाज झाले.

मी का रडले, तेही सांगते. लहानपणी मुंबईहून पुण्याला जाताना घाट चढायच्या आधी आमची गाडी खोपोलीला थांबायची. इंजिन गार व्हायला बॉनेट उघडायचं, रेडिएटरमध्ये पाणी, आणि आम्हाला चहा-वडा. वडिलांची आणि हॉटेलवाल्या काकांची नावानिशी ओळख होती. 2002 साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. आता खोपोली बाजूला राहते. त्या काकांचं पुढे काय झालं, आम्ही कधी विचारायलाही गेलो नाही. टेलर गात होता आणि मला ते उघडलेलं बॉनेट दिसत होतं.

शेजारी माझ्या मुलाला हे काहीच दिसत नव्हतं. पण तोही हलला नाही. एरवी असं संथ गाणं आलं की त्याला तहान लागायची. आधीच्या गाण्यांनी त्याला गाडीत बसवलं होतं, म्हणून या गाण्यात तो माझ्याबरोबर खाली उतरला.

‘कार्स’च्या गाण्यांच्या संग्रहात ‘रूट 66’ हे गाणं दोनदा आहे. बॉबी ट्रूपने बायकोबरोबर कॅलिफोर्नियाला गाडीने जाताना सुचलेलं, 1946चं. एकदा ते चक बेरी गातो, 1961च्या ध्वनिमुद्रणात. बेरी सेंट लुइसचा, म्हणजे याच रस्त्यावरच्या शहराचा. आणि एकदा जॉन मेयर गातो, वयाने बेरीच्या मुलासारखा. मधे पंचेचाळीस वर्षं.

दृश्य: विन्स्लो, ॲरिझोना. रस्त्याचा कोपरा. संध्याकाळ.

हे विन्स्लो. महामार्ग बाहेरून गेला तेव्हा हेही असंच सुनं पडलं. पण 1972 साली ईगल्स या कंट्री-रॉक बँडच्या पहिल्याच गाण्यात, गावातल्या एका कोपऱ्यावर उभं राहण्याची ओळ आली होती. तेवढ्या एका ओळीसाठी लोक वाट वाकडी करून येऊ लागले. 1999 मध्ये गावाने त्या कोपऱ्यावर एक छोटी बाग केली. गिटार धरून उभा असलेला ब्राँझचा तरुण आहे. कडेला फोर्डचा सपाट पाठीचा ट्रक आहे. चौकाच्या मधोमध, डांबरावर, 66चा मोठा पांढरा आकडा रंगवलाय.

एक बाप पोराला त्या आकड्यावर उभं करतोय. फोटो काढायचाय. पोरगं सरळ उभं राहत नाही, आकड्याच्या रेघेवरून गाडी चालवल्यासारखं पळतंय, तोंडाने घर्रर्र आवाज काढत.

बाप मोबाईल खाली घेतो आणि बघत राहतो.