चिंधीचा उभा धागा

मंडळी, बाहेरच्या फळ्यावर ‘कापडाच्या तुकड्यांतून पॅचवर्क : सुरुवात कशी करावी’ असं लिहिलंय. ते सांगणारच आहे. पण आधी माझी एक तक्रार आहे, ती ऐकून घ्यावी लागेल. युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्तर म्हणून जन्म गेला. घरात माझं कोणी ऐकत नाही. तुम्ही आपणहून येऊन बसलाय, आता सुटका नाही.

तर आमच्या सूनबाईंनी ऑनलाइन एक पाकीट मागवलं. फोडलं तर आत सुती कापडाचे चाळीसेक चौकोन, पाच बाय पाच इंचाचे, फुलाफुलांचे. म्हणजे कोणीतरी नवा कोरा तागा घेतला, त्याच्या चिंध्या केल्या आणि त्या सोलापुरात विकल्या. अहो, सोलापुरात! जिथं जुनी मिल 1877 साली उभी राहिली, जिथं पूर्व भागात बोलायचं तर मागाच्या खडखडाटावर आवाज चढवावा लागतो, जिथं शाळेच्या गणवेशाचं कटिंग झालं की चिंधीची पोती किलोवर जातात, मशीन पुसायला. हसू नका, तुमच्यातल्याही दोघी-तिघींनी मागवलं असणार. मी म्हटलं, “मला सांगायचं, पोतं आणून टाकलं असतं.” तर म्हणते, “मामा, तुमच्या पोत्यात खाकी आणि नेव्ही ब्लू सोडून काय असतं?”

असतं की! मरून असतो. चौकडा असतो. पण ते राहू द्या.

राग जिरवायला त्यातला एक चौकोन हातात घेतला आणि सवयीनं ताणून बघितला. उभा ओढला, जागचा हलला नाही. आडवा ओढला, किंचित आला. कोपऱ्यातून कोपऱ्याकडं ओढला तर रबरासारखा लांबला. म्हणजे चौकोन बरोबर धाग्यावर कापलेला. सगळे एकाच जाडीचे. तेव्हा कळलं, पैसे कशाचे घेतात ते. आणि तेवढं काम इथल्या कुठल्याही माणसाला फुकट जमेल. ताणा-बाणा, म्हणजे उभे-आडवे धागे, सोलापूरकराला शिकवायचे म्हणजे पंढरपुरात जाऊन अभंग शिकवण्यातला प्रकार.

इथं कोणीतरी म्हणणार, आमच्या आजीनं वाकळ शिवली, कन्नड घरातल्यांनी कौदी शिवली, त्यांनी कुठं धागा बघितला होता? गरज नव्हती. वाकळीला खाली अख्खं लुगडं असतं. तुकडा तिरका असो, वाकडा असो, धावदोरा त्याला त्या लुगड्यावर जखडून टाकतो. पॅचवर्कमध्ये खाली कोणी नाही. तुकड्याला तुकडाच धरून ठेवतो. त्यातला एक उरेब, म्हणजे धाग्याला तिरका कापलेला, निघाला की तो शेजाऱ्यालाही घेऊन वाकडा होतो. नवख्या बायका काय करतात, आधी रंग जुळवत बसतात. रंग शेवटी हो! आधी पोत, मग धागा.

अध्यक्षबाई घड्याळ दाखवतायत. दहा मिनिटं? बरं, पाच. मग पटापट सांगतो, लिहून घ्या.

तुकड्यांचे ढीग कापडाप्रमाणं करा. सुती एकीकडं, टेरीकॉट, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं, दुसरीकडं. शंका आली तर एक धागा चिमट्यात धरून जाळा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येऊन राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. दोन्ही एकात शिवू नका; सुती आटतं, टेरीकॉट आटत नाही, पहिल्या धुण्यात चुण्या पडतात. सुती तुकडे कापायच्या आधी बादलीत भिजवा. लाल आणि मरून वेगळे, ते रंग सोडतात.

आमच्या चिंध्या मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतात तिथल्या, आणि गळ्याच्या. उभा धागा काठाच्या दिशेनं धावतो, पण त्यांना काठच नसतो. मग उभा धागा शोधायचा कसा? सुईच्या टोकानं कडेचा एक धागा उचला आणि हळूच ओढून काढा. कापडात बारीक रेघ पडते. ती रेघ म्हणजे तुमची पट्टी, तिच्यावर कात्री चालवा. पुढच्या बाजू गुण्यानं, म्हणजे काटकोनाच्या पट्टीनं, आखा.

पाच इंचाचे नऊ चौकोन. शिलाई पाव इंच, चुकूनसुद्धा जास्त नाही. मशीनच्या पट्टीवर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टी लावून ठेवा. दोन चौकोन जोडून मोजा, साडेनऊ भरले पाहिजेत. सव्वानऊ आले तर तिथंच उसवा. तीन-तीनच्या तीन ओळी. इस्त्री करताना पहिल्या ओळीची शिवण उजवीकडं पाडा, दुसरीची डावीकडं, तिसरीची पुन्हा उजवीकडं. ओळी एकमेकींवर ठेवल्या की शिवणी आपोआप अडकतात आणि कोपरे जुळतात. इस्त्री दाबायची, सरकवायची नाही, सरकवली की कापड ताणतं. झालं, चौदा इंचाचा तुकडा तयार. मागं एक साधं कापड लावा, साडेतेरा इंचाचा उशीचा अभ्रा होतो. पहिल्यांदा एवढंच. डबल बेडची गोधडी काढायला बसलात तर ती पुढच्या संक्रांतीपर्यंत कपाटातच राहणार.

काय म्हणालात काकू? त्रिकोण? त्रिकोणाची एक तरी बाजू उरेब येतेच, ते पुढच्या वेळी.

चहा आलाय. ज्यांनी तुकडे आणलेत त्यांनी टेबलापाशी या. कात्री माझी आहे, कागद कापायला मागू नका.