कांद्याच्या मुळातलं घड्याळ

(दृश्य: काचेच्या ग्लासवर टेकवलेला कांदा. पाण्यात लोंबणारी पांढरी मुळं.)

जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला हा कांदा किती जणांच्या वाट्याला आला असेल! बूड पाण्याला लागलं, की दोन-तीन दिवसांत मुळं फुटतात. आपल्याला हवं असतं फक्त त्यांचं टोक, दोन-तीन मिलिमीटरचं. अ‍ॅसिटिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात त्यातल्या पेशी जिथल्या तिथे थिजतात. मग कोमट हायड्रोक्लोरिक आम्ल, अ‍ॅसिटोकार्मिनचा लाल रंग, वर कव्हरस्लिप, टिपकागद आणि अंगठ्याचा दाब. दाब सरळ खाली हवा. अंगठा घसरला, की पेशी एकमेकींवर चढतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची स्लाइड.)

पुस्तकातली पेशीविभाजनाची ती देखणी मध्यावस्था, 16 गुणसूत्रं मधोमध ओळीत उभी, इथे शोधावी लागते. पश्चावस्था, म्हणजे गुणसूत्रं दोन टोकांकडे ओढली जातात तो टप्पा, तर मोठ्या मुश्किलीने सापडते. बाकी जिकडे पाहावं तिकडे नुसती गोल, लालसर केंद्रकं. पहिल्यांदा बघणारी मुलं हिरमुसतात, स्लाइड बिघडली असं त्यांना वाटतं. पण ती अगदी बरोबर असते. पेशी आपला वेळ कुठे घालवतात, तेच ती दाखवत असते.

एखाद्या मार्गावरच्या सगळ्या एसट्यांचा एकाच क्षणी फोटो काढला, तर जास्त गाड्या कुठे दिसतील? जिथे थांबा मोठा, तिथे. पेशींचंही ढोबळमानाने तसंच. प्रयोगशाळेत वाढवलेली माणसाची पेशी साधारण 24 तासांत एक चक्र, म्हणजे एका विभाजनापासून पुढच्या विभाजनापर्यंतचा प्रवास, पुरं करते. त्यात प्रत्यक्ष विभाजनाला जेमतेम एक तास. म्हणजे शंभर पेशी मोजल्या, तर विभागताना दिसणार चार-पाच.

उरलेल्या 23 तासांना एके काळी ‘विश्रांती’ म्हणत. दिसत काहीच नव्हतं ना! 1953 मध्ये लंडनला अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी विसिया फाबा या शेंगवर्गीय झाडाच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि तो पेशीत कधी शिरतो, ते फोटोच्या फिल्मवर उमटवून घेतलं. डीएनएची नक्कल चालते ती नेमकी या तथाकथित विश्रांतीत, आणि तीही मधल्या ठरावीक काळातच. त्या काळाला एस म्हटलं, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या काळाला जी-1 आणि जी-2. जी म्हणजे गॅप. आज शिकवतात ती नावं हीच.

या एस टप्प्याचं काम ऐकून थक्क व्हायला होतं. माणसाच्या एका पेशीत डीएनएची सुमारे 6 अब्ज अक्षरं असतात. नक्कल करणारं यंत्र सेकंदाला साधारण 50 अक्षरं जोडतं. एकाच टोकापासून सुरुवात केली, तर सर्वांत मोठ्या गुणसूत्रालाच जवळपास दोन महिने लागतील. पेशी हजारो ठिकाणी एकदम काम सुरू करते आणि आठेक तासांत हातावेगळं करते.

जी-1 मात्र लवचिक. पेशी इथे वाढते, पुढे जायचं की नाही ते इथेच ठरतं. चेतापेशी तर या वाटेवरून कायमची बाहेर पडते. उलट आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाच्या कोवळ्या गर्भात हे गॅप जवळजवळ नसतातच. पहिल्या विभाजनानंतर दर अर्ध्या तासाला नवं विभाजन. वाढायला वेळच नाही, म्हणून पेशी दर खेपेला लहान होत जातात.

(दृश्य: अंगणातली सदाफुली.)

हिच्यात विनक्रिस्टिन आणि विनब्लास्टिन असतात, कर्करोगावरची औषधं. गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे तंतू ती उभेच राहू देत नाहीत. या औषधात काही तास ठेवलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरा. एरवी शोधून दमवणारी, विभाजनाच्या ऐन मध्यावर असलेली पेशी आता जागोजागी दिसते. थांबा तोच, छोटासा. पुढचा रस्ता तेवढा बंद झालाय, आणि मागून गाड्या येतच आहेत.