वायर एकच, रांगा वेगळ्या

टेबलावरचे हे दोन लॅपटॉप बघा, एकाच राऊटरवर आहेत. डावीकडे व्हिडिओ कॉल चालूय. उजवीकडे आता अपलोड सुरू होतंय, एकदम २० कनेक्शनं उघडून. आता डावीकडचा चेहरा बघा.

(कॉल अडकतो. ५ सेकंद निवेदन नाही.)

वायर तुटलेली नाही, राऊटरचे दिवे तर जोरात लुकलुकतायत. पण रांग एकच आहे, आणि त्या रांगेत उजवीकडच्याने आपली २० माणसं उभी केलीत.

हे दुखणं जुनंय. ऑक्टोबर १९८६, अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली लॅब आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ, मधलं अंतर जेमतेम ४०० यार्ड, आणि तिथे सेकंदाला ३२ हजार बिट्सचा स्पीड एकदम ४० बिट्सवर आला, कारण पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, हरवलं की प्रत्येक मशीन ते परत पाठवत होतं आणि कोंडी अजून वाढत होती. मग संशोधक व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या पेपरमध्ये उपाय मांडला, पॅकेट हरवलं की समजायचं पुढे गर्दी आहे, आपण मागे सरायचं, मग हळूहळू पुढे. यावर इंटरनेट सावरलं.

पण मागे सरणं हे पाठवणाऱ्याच्या मर्जीवर. जो सरतच नाही त्याचं काय? जो सरतो त्याची जागाही तोच खातो ना!

इंजिनिअर जॉन नेगल यांनी १९८५ मध्येच सांगितलं होतं, राऊटरनेच प्रत्येकाची रांग वेगळी ठेवावी आणि पाळीपाळीने एकेक पॅकेट सोडावं, म्हणजे घुसणारा स्वतःचीच रांग तुंबवतो. १९८९ मध्ये डेमर्स, केशव आणि शेंकर यांनी पॅकेटचा आकारही हिशोबात धरला, नाहीतर मोठी पॅकेटं पाठवणारा त्याच पाळीत जास्त नेतो. राहिली पळवाट २० कनेक्शनांची, रांग कनेक्शनप्रमाणे असेल तर २१ मधल्या २० पाळ्या त्याच्याच. म्हणून स्क्रीनवर दिसतंय ते 'केक', राऊटरमध्ये रांगा लावणारं सॉफ्टवेअर, ते आधी मशीन मोजतं, मग कनेक्शन. फुकट आहे, राऊटरमध्येही चालणाऱ्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्येच २०१८ पासून आहे, तरी कितीतरी राऊटरमध्ये ते मिळत नाही, ही गोष्ट आम्हाला खरंच खुपते.

शिक्षण, उपचार, नोकरीच्या मुलाखती, सगळं याच वायरीवरून जातं.

आता सेटिंग बघा. स्पीडची मर्यादा लाइनपेक्षा थोडी कमी टाकली, म्हणजे रांग मॉडेममध्ये न लागता इथेच लागते. सेव्ह.

उजवीकडची २० कनेक्शनं अजून चालूच आहेत. डावीकडचा आवाज वाढवा जरा.

(कॉलचा मूळ आवाज.)