सेवा म्हटली की पैसे कसे मागायचे?

नमस्कार मंडळी.

सामाजिक उद्योग काढायचा म्हणून आपली माणसं माझ्याकडे येतात आणि बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते: ‘चांगलं काम करायचं आणि वर पैसे घ्यायचे?’ इथे परदेशात वाढलेल्या मुलांना हा संकोच कळतच नाही. फुकट देताय म्हणजे मालात काहीतरी खोट असणार, असं त्यांना वाटतं. भाषेची अडचण निभावून नेता येते हो, या गाठीला वेळ लागतो.

मी मग मदुराईच्या अरविंद नेत्रालयाची गोष्ट सांगतो. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी निवृत्तीनंतर 1976 मध्ये 11 खाटांवर ते सुरू केलं. ज्यांना परवडतं त्यांनी पैसे द्यायचे, त्यातून बाकीच्यांच्या डोळ्यांवर उपचार व्हायचे. मोतीबिंदू काढल्यावर बसवायची भिंगं मात्र परदेशी आणि महागडी. डेव्हिड ग्रीन या अमेरिकी गृहस्थांनी आधी तिकडच्या कंपन्यांकडून ती दानात मिळवली. पण दात्याची मर्जी किती दिवस टिकणार? 1992 मध्ये मदुराईतच ही भिंगं बनवणारी ऑरोलॅब उभी राहिली. 100 डॉलरच्या वरचं भिंग 10 डॉलरच्या आसपास आलं, पुढे कितीतरी देशांत विकलं गेलं. विकलं, बरं का, फुकट वाटलं नाही.

आता कायदा. भारतातल्या संस्थेला इथून देणगी द्यायची तर तिच्याकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. 2020 च्या दुरुस्तीनंतर ते पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच जमा होतात आणि पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी धरत नाहीत. इथलं नागरिकत्व घेतलेल्याचे धरतात. म्हणजे एकाच घरात नवऱ्याचे पैसे देशी, बायकोचे परदेशी! त्या संस्थेचा माल रीतसर विकत घेतला तर मात्र तो व्यवहार झाला, देणगी नव्हे.

आणखी एक. भारतीय कंपनी कायद्यातली कलम 8 ची, म्हणजे समाजकार्यासाठीची, कंपनी काढलीत तर नफा वाटून घेता येत नाही, कामातच घालावा लागतो. भागीदारांशी हे नोंदणीआधीच बोलून घ्या, नाहीतर पुढे मैत्री जाते.

मध्यंतरात मी मागच्या टेबलापाशी आहे. या, पण पासपोर्ट कुठला ते आधी सांगा.