कोलॉसस : टपाल खात्याच्या कार्यशाळेत घडलेले यंत्र

कप्प्यांवरून धावणारी ही कागदी फीत क्षणभर नीट पाहावी. तिच्यावर छिद्रांच्या रूपाने टिपलेली ५,००० अक्षरे दर सेकंदाला प्रकाशझोतासमोरून जातात आणि मागच्या बाजूला तांबूस उजळलेले व्हॉल्व्ह (विजेचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या काचेच्या नळ्या) त्यांची मोजदाद करतात. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याचे केंद्र असलेल्या इंग्लंडमधील ब्लेचली पार्कच्या परिसरात, ‘एच ब्लॉक’ या युद्धकालीन इमारतीत, जर्मन संकेत फोडायला मदत करणाऱ्या ‘कोलॉसस’ यंत्राची ही पुनर्निर्मित प्रत चालू स्थितीत उभी आहे. मूळ यंत्र घडवले ते ब्रिटिश टपाल खात्यातील टेलिफोन अभियंते टॉमी फ्लॉवर्स यांनी.

फ्लॉवर्स यांचा जन्म १९०५ साली पूर्व लंडनमधील पॉप्लर येथे, एका गवंड्याच्या घरी झाला. वूलिचच्या शस्त्रनिर्मिती कारखान्यात उमेदवारी करता करता त्यांनी रात्रीच्या वर्गांतून लंडन विद्यापीठाची पदवी मिळवली. पुढे डॉलिस हिल येथील टपाल खात्याच्या संशोधन केंद्रात, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये व्हॉल्व्हचा वापर कसा करता येईल, याचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला.

समोर दिसणारे, संदेश सांकेतिक रूपात बदलणारे हे १२ चाकांचे जर्मन यंत्र म्हणजे लोरेंझ. एनिग्मा या दुसऱ्या जर्मन संकेतयंत्राचे नाव सर्वतोमुखी झाले असले, तरी जर्मन सैन्याच्या सर्वोच्च पातळीवरील टेलिप्रिंटर संदेश या यंत्रातून जात असत. ३० ऑगस्ट १९४१ रोजी एका जर्मन यंत्रचालकाने सुमारे ४,००० अक्षरांचा संदेश चाकांची मांडणी न बदलता दोनदा पाठवला, आणि दुसऱ्या वेळी काही शब्द आखूड केले. एवढ्या चुकीवरून ब्लेचलीतील संकेत उलगडणारे जॉन टिल्टमन यांनी दोन्ही मजकूर उलगडले, तर तेथीलच तरुण बिल टट यांनी यंत्र एकदाही न पाहता त्याची अंतर्गत रचना निव्वळ तर्काने शोधून काढली.

मात्र प्रत्येक संदेशासाठी चाकांची सुरुवातीची स्थिती हाताने शोधायला फार वेळ लागे. त्यासाठी गणितज्ञ मॅक्स न्यूमन यांच्या पुढाकाराने बनवलेल्या यंत्रात दोन फिती एकाच लयीत फिरवाव्या लागत. त्या ताणल्या जात, तुटत, आणि लय बिघडली की मोजणी चुके. फ्लॉवर्स यांनी मुळातच वेगळा विचार केला: चाकांचे नमुने व्हॉल्व्हच्या मंडलांतच तयार केले, तर दुसऱ्या फितीची गरजच उरत नाही. उरलेल्या एका फितीच्या कडेने जाणाऱ्या बारीक छिद्रांवरूनच यंत्राने आपला ताल घ्यावा, म्हणजे फीत किंचित ताणली गेली तरी मोजणी चुकणार नाही, ही योजना आजही थक्क करते.

हजार-दीड हजार व्हॉल्व्ह एकत्र टिकतील यावर ब्लेचलीत फारसा कुणाचा विश्वास नव्हता. फ्लॉवर्स यांना मात्र अनुभवाने ठाऊक होते की व्हॉल्व्ह बिघडतात ते वारंवार चालू-बंद केल्याने. सतत तापलेले ठेवले, तर ते दीर्घकाळ साथ देतात. डॉलिस हिलच्या वरिष्ठांनी पाठबळ दिले आणि सुमारे ११ महिन्यांत यंत्र उभे राहिले. जानेवारी १९४४ मध्ये ते ब्लेचलीला पोहोचले आणि ५ फेब्रुवारीला त्याने पहिला संदेश हाताळला. सुमारे २,४०० व्हॉल्व्हचे सुधारित यंत्र १ जूनला, म्हणजे नॉर्मंडीवरील चढाईच्या पाच दिवस आधी, कामाला लागले. युद्ध संपेपर्यंत अशी दहा यंत्रे चालू होती. नौदलाच्या महिला दलातील तरुणी ती अहोरात्र चालवत, आणि जर्मन सेनापतींचे बेत दोस्त राष्ट्रांपर्यंत पोहोचत राहिले.

युद्धानंतर आठ यंत्रे मोडण्यात आली. डॉलिस हिलमधील आराखडे आणि कागदपत्रे जाळून टाकण्याचा आदेश फ्लॉवर्स यांना मिळाला आणि त्यांनी ती भट्टीत टाकली. त्यांना जे १,००० पौंड मिळाले, त्यांतून त्यांनी पदरचा घातलेला खर्चही भरून निघाला नाही. १९४६ मध्ये अमेरिकेतील एनिॲक जगापुढे आला आणि पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकाचा मान त्याच्याकडे गेला. गोपनीयतेच्या शपथेने बांधलेले फ्लॉवर्स त्यावर एक शब्दही बोलू शकत नव्हते. आमच्या मते हा त्यांच्यावर झालेला मोठा अन्याय होता. १९७० च्या दशकात ही गोपनीयता हळूहळू सैल झाली.

मोजकी छायाचित्रे आणि काही अभियंत्यांनी जपून ठेवलेले आराखड्यांचे तुकडे एवढ्या आधारावर अभियंते टोनी सेल यांनी १९९३ मध्ये हे पुनर्निर्माण हाती घेतले. लागणारे बरेच सुटे भाग मोडीत निघालेल्या टेलिफोन एक्स्चेंजमधून मिळाले. ६ जून १९९६ रोजी यंत्र पुन्हा सुरू करण्यात आले, तेव्हा ९० वर्षांचे टॉमी फ्लॉवर्स तेथे उपस्थित होते.