आधी महिना, मग ठिकाण: सोलापुरातून निघताना

[दृश्य: जुलैची सकाळ. मोहोळजवळचा महामार्ग. आभाळ भरलेलं, रस्ता कोरडा.]

जुलै महिना. महाबळेश्वरला या दिवसांत धुक्यामुळे हाताच्या अंतरावरचं दिसत नाही. इथे मोहोळजवळ मात्र ढग नुसते डोक्यावरून पूर्वेकडे चाललेत. वारा सुटलाय, बाभळी हलतायत, पण मातीला थेंब नाही. महाबळेश्वर इथून एका दिवसात गाडीने गाठता येतं. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो. सोलापूर जिल्ह्यात त्याचा जेमतेम दहावा हिस्सा.

कारण आपण सगळेच शाळेत शिकलोय. अरबी समुद्रावरून नैर्ऋत्येचा वारा बाष्प घेऊन येतो, सह्याद्रीला अडतो, वर चढता चढता थंड होतो आणि तिथेच बरसतो. डोंगर उतरून अलीकडे येईपर्यंत त्याच्यात फारसं काही उरलेलं नसतं. आपण या अलीकडच्या बाजूचे, पर्जन्यछायेतले. दुष्काळाचा विषय निघाला की हा शब्द आपल्या तोंडात असतो. सहल ठरवताना तो आठवत नाही. तेव्हा आपण मुलांची सुट्टी बघतो, रजा बघतो, तिकीट बघतो. त्या महिन्यात वारा कुठून येतो आणि आपण डोंगराच्या कुठल्या अंगाला निघालोय, एवढं विचारलं तरी देशाचा नकाशा वेगळा दिसायला लागतो.

[दृश्य: सोलापूर रेल्वे स्थानक, दिवाळीची गर्दी. फराळाचे डबे, पिशव्या.]

दिवाळीची सुट्टी घ्या. फराळ आटोपला की कितीतरी घरांतून रामेश्वर, मदुराई, कन्याकुमारीचा बेत निघतो. मुंबई–चेन्नई लोहमार्ग आपल्याच गावावरून जातो, त्यामुळे सोयही असते. पाऊस गेला, ऊन अजून तापलेलं नाही, आता फिरायला हरकत नाही, असा सगळ्यांचा हिशेब.

पाऊस गेला तो आपल्याकडून. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नैर्ऋत्य मोसमी वारे परततात आणि वाऱ्याची दिशाच फिरते. आता तो ईशान्येकडून येतो, बंगालच्या उपसागरावरून बाष्प उचलतो आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर रिकामा होतो. जून ते सप्टेंबर याच सह्याद्रीच्या आडोशाला राहिलेल्या त्या मुलखाचा मोठा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. उपसागरातल्या चक्रीवादळांचे दिवसही हेच. २०१५ साली चेन्नई पाण्याखाली गेली ती नोव्हेंबर अखेरच्या आणि डिसेंबरच्या पहिल्या दिवसांतल्या पावसाने. म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन रामेश्वरची बावीस तीर्थं करायची असतील, तर जानेवारी-फेब्रुवारीइतका चांगला काळ नाही. दिवाळीत कोकणात उतरा. घाट अजून हिरवा असतो, उकाडा असतो खरा, पण समुद्र शांत झालेला असतो.

[दृश्य: लेहजवळची उघडी डोंगररांग, निळं आभाळ.]

उलटं उदाहरण लडाखचं. जुलै-ऑगस्टमध्ये हिमालयात जाऊ नये, दरडी कोसळतात, हे आपण ऐकलेलं असतं. हिमाचल आणि उत्तराखंडच्या दक्षिण उतारांबाबत ते शंभर टक्के खरंही आहे. पण लेह हिमालयाच्या पलीकडे आहे. आपल्याला सह्याद्री, तसा त्यांना हिमालय. तिथे वर्षभरात शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. त्यामुळे देश भिजत असताना, जून ते सप्टेंबर, तिथला प्रवासाचा हंगाम असतो. त्यातही निसर्गाची हमी कुणी देऊ शकत नाही. ऑगस्ट २०१०मध्ये याच लेहमध्ये ढगफुटीने हाहाकार उडाला होता. शिवाय मनालीमार्गे गेलात तर वाटेतला ओला डोंगर चुकत नाही. आणि लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. सोलापूर साडेचारशेच्या आसपास. विमानाने थेट उतरलात तर पहिले दोन दिवस खोलीत पडून राहायचं. ते दिवस बेतात आधीच धरा. मुलं कितीही मागे लागली तरी लगेच त्याहून उंचावरची खारदुंगला खिंड करायची नाही.

मे महिन्यात सोलापूर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर गेलं की चारधामचा विषय निघतो. माझं स्पष्ट मत आहे: मेमध्ये जमत असेल तर जावं, नाहीतर थेट सप्टेंबरच्या उत्तरार्धानंतर. केदारनाथचे दरवाजे भाऊबीजेपर्यंत उघडे असतात. पाऊस ओसरल्यावरच्या त्या दिवसांत आभाळ स्वच्छ असतं, थंडी मात्र कडक. जूनचा मध्य टाळावा. २०१३च्या जूनमध्ये, १६ आणि १७ तारखेला, मोसमी पाऊस नेहमीपेक्षा लवकर तिथे पोचला आणि पुढे काय झालं ते सगळ्या देशाने पाहिलं. त्या यात्रेत महाराष्ट्रातलीही माणसं होती. तारखा धरून निघणाऱ्याने हे विसरू नये.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. हवामान खात्याचा अंदाज मात्र चार-पाच दिवसांपर्यंत नेमका असतो, त्यापुढे ढोबळ होत जातो. तिकीट काढताना मोबाइलवरचं हवामान बघून काही उपयोग नाही. तेव्हा बघायचं ते त्या ठिकाणचं महिनावार सरासरी पाऊसमान, ते खात्याच्या संकेतस्थळावर मिळतं. निघायच्या आठवड्यात मग रोजचे इशारे बघायचे. डोंगरात नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर खालच्या गावात एक मुक्काम वाढवायचा. त्यासाठी परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवलेला असावा.

[दृश्य: नळदुर्ग. पाणीमहालावरून कोसळणारं पाणी, खाली भिजणारी माणसं.]

आणि बाहेरून पाहुणे येणार असतील तर? उन्हाळ्यात बोलावू नका. पावसाळा म्हणून जूनमध्येही नको. आपल्या गावाला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये होतो. मृगाची वाट सगळेच बघतात, पण इथली जमीन खरी भिजते ती उत्तरा आणि हस्ताच्या पावसाने. कधी हा परतीचा पाऊस झोडपतोसुद्धा. सप्टेंबर २०२५मध्ये सीनेला आलेला पूर अजून लोक विसरलेले नाहीत.

वरचं धरण भरून सांडव्यातून पाणी सुटलं की नळदुर्गचा किल्ला बघावा. हैदराबाद रस्त्याने तासाभरात पोचता. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात १६१३ साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, पाणीमहाल बांधला. नर आणि मादी या दोन सांडव्यांमधून पाणी खाली कोसळतं आणि आतल्या खिडकीत उभं राहिलं की ते समोरून पडताना दिसतं. दगडी जिना शेवाळलेला असतो, भिंतीला धरून उतरा. धरण भरलं नाही तर त्या वर्षी हे दृश्य नाही. म्हणून आधी फोन करून पाणी सुरू आहे का ते विचारा, मग गाडी काढा.

[दृश्य: ज्वारीचं शेत. आगटीतून धूर, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खोचलेली कणसं.]

हुरड्याचंही तसंच. लोक डिसेंबरचा शेवटचा रविवार ठरवून मोकळे होतात. पण कॅलेंडर बघून दाणा भरत नाही. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ओलीवर पेरतात. पाऊस लांबला, वाफसा आला नाही, की पेरणी लांबते आणि हुरडा जानेवारीच्या अखेरीला जातो. म्हणून शेतमालकाला दर विचारायच्या आधी विचारा, पेरणी कधी केली? दाणा दुधात असेल तर चिकट लागतो, पुढे गेला असेल तर टणक. मधले आठ-दहा दिवस खरे. तेव्हा आगटीतून काढलेलं गरम कणीस तळहातावर चोळलं की हिरवा दाणा सुटून येतो, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि शेंगाचटणीबरोबर तोंडात टाकायचा. गूळ, दही असतंच.

उजनीचे रोहित पक्षी बघायचे तर त्याहून थोडं थांबा. धरण काठोकाठ असताना त्यांना उभं राहायला उथळ पाणी मिळत नाही. पाणी उतरून चिखलाचे काठ उघडे पडले की ते येतात, साधारण हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून. गंमत अशी, की ही उजनी भरते ती बहुतेक पुण्याकडच्या, सह्याद्रीवरच्या पावसाने.

तरी सगळ्यात आधी बोलवायचं ते जानेवारीत, संक्रांतीला. सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे जत्रा. दुपारचं ऊन सोसवणारं आणि रात्री अंगावर चादर लागेल इतका गारवा. त्या आठवड्यातल्या गाड्यांचं आरक्षण नोव्हेंबरच्या मध्याला उघडतं. मुंबईच्या नातेवाइकांना दिवाळीच्या फोनवरच सांगून ठेवा.