सातपूर, सेकंड शिफ्ट आणि एक बूगी

[रात्र. नाशिक, सातपूर एमआयडीसी. कंपनीच्या गेटमधून बाहेर पडणाऱ्या बाईक]

सेकंड शिफ्ट सुटली. या हेल्मेटांच्या गर्दीत मागून तिसरा जो दिसतोय तो आमचा दादा, माझा मावसभाऊ, वय ४३, शिफ्टभर सीएनसी मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरनी चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर. व्हिडिओत नाव नको म्हणालाय, म्हणून नुसता दादा.

[डाव्या हाताचा क्लोजअप]

ही बोटं बघा. नखात ऑइलचा काळा आहे तो कंपनीचा, पण टोकावर हे जे घट्टे दिसतायत ना, ते तारेनी दिलेत. घरी गेल्यावर हा माणूस हेडफोन लावून तासभर इलेक्ट्रिक गिटार वाजवतो, आणि गेले आठ महिने एकच गोष्ट वाजवतोय. फास्ट बूगी.

[नाशिकरोड, पुलावरून. खालून जाणारी मालगाडी]

बूगी म्हणजे वाजवायची एक पद्धत, मुळात पियानोची. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या वादकांनी घडवलेली, डावा हात सारखा एकच चाल फिरवत राहतो, अगदी आगगाडीसारखा. पाइनटॉप स्मिथनी १९२८ मध्ये 'बूगी वूगी' हे नाव रेकॉर्डवर आणलं. मग पियानोच्या त्या डाव्या हाताचं काम गिटारवर आलं, १९४५ ला आर्थर स्मिथचं 'गिटार बूगी' रेकॉर्ड झालं. आणि १९४८ ला जॉन ली हूकर, डेट्रॉइटच्या कारखान्यांत कामं केलेला माणूस, एक इलेक्ट्रिक गिटार आणि जमिनीवर आपटणारा स्वतःचा पाय, बास्स, एवढ्यावर त्यानी 'बूगी चिलन' केलं. दादाला हे कळलं तेव्हा पहिलं काय बोलला असेल तर, "म्हणजे शिफ्टवालाच की!"

(मालगाडीचा आवाज नीट ऐका. हल्ली रूळ वेल्ड केलेले असतात त्यामुळे ती जुनी खडखड फार येत नाही, पण सांध्यांवरून जाताना येते. तेवढ्यासाठी दोन तास पुलावर उभे होतो.)

[खोली. गिटार, छोटा अँप (गिटारचा स्पीकर), कपाटाचं दार]

आता बोटं काय करतायत बघा. पाचवी तार मोकळी, चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला (गिटारच्या मानेवरच्या त्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) पहिलं बोट, मग चौथ्या फ्रेटला तिसरं, परत दुसरं फ्रेट, परत चौथं. एवढंच, हा झाला ए कॉर्ड. हेच एक तार खाली, बारीक तारांकडे सरकवलं की डी, एक तार वर, जाड तारांकडे नेलं की ई. बार म्हणजे चार मात्रांचा एक गट. चार बार ए, दोन डी, दोन ए, एक ई, एक डी, दोन ए, झाले बारा, परत समेवर. दहावीतलं पोरगंसुद्धा अर्ध्या तासात शिकेल.

मग आठ महिने कशाला लागतात? उजव्या हाताला. लोक सगळे डाव्या हाताकडे बघत बसतात, इंटरनेटवरचे ते 'पाच दिवसात शिका'वालेसुद्धा, आणि खरं काम इकडे चाललेलं असतं. तळहाताची कड ब्रिजपाशी, म्हणजे तारा खाली जिथं टेकतात तिथं, तारांवर अलगद टेकलेली, जास्त दाबली तर सूर मरतो, उचलली तर सगळ्या तारा गोंगाट करतात. पिक, म्हणजे तार छेडायचा तो छोटा तुकडा, एकदा खाली एकदा वर, हालचाल मनगटातून, कोपरातून केली की मिनिटभरात हात भरून येतो. दादाचंही मध्ये दहा दिवस मनगट धरलं होतं, असो.

[गोदाघाट, ढोलाचा सराव, संध्याकाळ]

आणि लय. एका मात्रेचे तीन तुकडे करा, पहिले दोन जोडून एक लांब, तिसरा आखूड. याला शफल म्हणतात. दादा तरुणपणी ढोल वाजवायचा, त्याला हे कागदावर कधीच कळलं नाही, पण मी म्हटलं टिपरू हातात आहे असं समज आणि तोंडानी बोल म्हण, तर दोन मिनिटात पाय हलायला लागला. नाशिककराच्या अंगात हा झोका आधीच असतो असं माझं ठाम मत आहे, कोणाला पटो न पटो.

[कपाटाच्या दारावर पेन्सिलनी लिहिलेले आकडे, कॅमेरा खालून वर]

६०. ६४. ७०. परत ६४. हे मेट्रोनोमचे, म्हणजे ठेका देणाऱ्या यंत्राचे आकडे, मिनिटाला किती मात्रा ते. ६० ला बारा बारचं एक आवर्तन ४८ सेकंदांचं होतं, १८० ला तेच १६ सेकंदात संपतं, म्हणजे मात्रेला दोन धरून सेकंदाला सहा आघात. एक गंमत अशी की स्पीड वाढला की तो लांब-आखूडचा फरक आपोआप कमी होतो, दोन्ही आघात सारखे व्हायला लागतात, आणि तिथं झोका टिकवायचा तर पाय सोडायचा नाही. म्हणून दादा नवीन आकडा लिहायच्या आधी हात बाजूला ठेवून नुसता पाय वाजवतो. वहिनी म्हणते खालचे लोक वर येतील एक दिवस. (वहिनीनी शूट करू दिलं नाही.)

कोजागरीला गच्चीवर वाजवलं त्यानी, सगळ्यांसमोर, एका ठिकाणी चुकला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा कॅमेरा घरी होता.

[पाय. चप्पल काढलेली, फरशीवर टाच]

दारावरचा शेवटचा आकडा १६४ आहे. आत्ता ऐकताय तो तोच.

[निवेदन बंद. वाजवणं चालू]